पात आणि टोपली

विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि भुईमुगाला शेवटची दोन पाणी मिळालीच नाहीत. जमीन दिवसागणिक आवळत चालली. अशा वेळी उपटायला उशीर केला, की वेल हातात येतो आणि शेंगा मातीतच राहतात. त्या विहिरीवर पाच-सहा जणांची रानं होती आणि सगळ्यांना एकदमच घाई झाली होती. त्यांनी बायांच्या टोळीला हात जोडून सांगितलं, "बायांनो, दगड व्हायच्या आत रानं मोकळी करा."

टोळीची एक म्होरकी होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन लोण्याचं होतं, आणि हे दुसरं कुणाला कळू नये म्हणून ती पहिलं जास्त वापरायची. रानाच्या एका बांधावर बाया ओळीने उभ्या राहत. प्रत्येकीच्या वाट्याला चार सऱ्यांचा पट्टा येई, त्याला म्हणायचं पात. आपापली पात धरून वाकायचं आणि समोरच्या बांधापर्यंत उपटत जायचं. आता सगळ्यांचे हात काही सारखे चालत नाहीत. म्हणून जी आधी पोचेल तिने बांधावर बूड टेकायचं नाही, उलटं फिरायचं. जिची पात मागे राहिली असेल तिच्या पातीत पुढून शिरायचं आणि तिच्या दिशेने उपटत यायचं. दोघी मधे भेटल्या की पात संपली. हा नियम कुणी केला नव्हता आणि आजवर कुणी मोडलाही नव्हता.

सगळ्यात आधी पोचायची ती गवंड्याची मुलगी. ती चालायची तुरुतुरु, उपटायची तुरुतुरु, म्हणून तिला सगळे तुरतुरीच म्हणत. बारावीची परीक्षा देऊन ती यंदा आईबरोबर पूर्णवेळ टोळीत आली होती. आणि निकाल लागला तो असा, की शाळेचे हेडसर स्वतः सायकल मारत रानात आले. शहरातलं कॉलेज तिला घ्यायला तयार होतं, पण एका अटीवर. ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशा मुलांसाठी कॉलेज उन्हाळ्यात तयारीचा वर्ग चालवायचं. राहणं-जेवण फुकट. शेवटी एक मोठी परीक्षा. पास झालं तर जागा पक्की, नाही तर परत घरी.

"दरवर्षी अर्धे गळतात," हेडसर म्हणाले. "पण ही गळायची नाही."

हेडसरांची पाठ वळली तशी म्होरकीने पदराने तोंड पुसलं. "सगळं खरं. पण मी हे काम उक्तं, एकरकमी घेतलंय ते हिला धरून. ही गेली तर हिची पात कोण धरणार? हिचा बाप?"

बाया खदाखदा हसल्या. बाप तिथेच होता. पाणी आटल्यामुळे गावातली बांधकामं बंद पडली होती आणि गवंडी महिनाभर घरी बसून होता. त्या दिवशी तो बायकोचा डबा घेऊन आला होता आणि झाडाच्या सावलीत, कुणाच्या नजरेत येऊ नये अशा बेताने, टेकून बसला होता. हसणं ऐकून तो उठला, धोतराची धूळ झटकली.

"धरतो की," तो म्हणाला.

आधीपेक्षा दुप्पट हसू उसळलं. "भावोजी, इथं ओळंबा चालत नाही, इथं कंबर चालते!" एकजण म्हणाली. गवंड्याचे कान लाल झाले. तुरतुरीला वाटलं, आपण निकालच लपवून ठेवायला हवा होता. तिची आई तेवढी हसली नाही. ती डबा सोडता सोडता म्हणाली, "तू जा गं. तुझी पात मोकळी राहायची नाही."

आणि तुरतुरी गेली.

वर्ग होता कॉलेजच्या मागच्या अंगाला, एका लांबट खोलीत. लांब टेबलं, लोखंडी खुर्च्या, डोक्यावर कुरकुरणारे पंखे. मुलं सगळी आपल्यासारखीच आहेत हे तिला पहिल्याच दिवशी पायांवरून कळलं. नव्या चपलांनी बहुतेकांच्या टाचा सोलल्या होत्या. तिच्या खोलीत नावाड्याची मुलगी होती. ती गप्प असायची, पण हाक मारली की वसतिगृहाच्या तिन्ही मजल्यांना ऐकू जायची. ट्रकवाल्याचा एक मुलगा होता. मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर यायचं, म्हणून त्याला सगळे इंजिन म्हणू लागले.

गणिताच्या मॅडम कडक होत्या. केसांचा घट्ट अंबाडा, हातात खडू, आणि खडू खाली ठेवल्याशिवाय हसायचं नाही असा बहुधा त्यांचा नेम असावा. दर शनिवारी त्या चाचणी घेत. दरवर्षी चाचणी झाली की संध्याकाळी एक-दोघं पिशव्या भरून घरी निघून जात. मग शिपाईमामा येई आणि रिकाम्या खुर्च्या उचलून कोठीत नेऊन टाकी.

"शेवटच्या दिवशी निम्म्या खोलीत झाडू मारता येतो बघा," तो मुलांना सांगे. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. त्याची कंबर दुखायची, म्हणून तो खुर्च्यांचा हिशेब आधीच मांडून ठेवायचा, इतकंच.

पहिला शनिवार आला. तुरतुरीने गणितं सोडवायला घेतली आणि डोकं वर केलं ते शेवटचं संपवूनच. काम संपलं. अजून कुणाचंच झालं नव्हतं. सवयीने तिने मागे वळून पाहिलं. मागच्या टेबलावर नावाड्याची मुलगी तिसऱ्याच गणितावर अडून बसली होती. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं आणि खालचा सगळा कागद कोरा होता.

तुरतुरीने विचार केलाच नाही. विचार करायला लागतो कशाला? पात मागे राहिली होती. तिने खुर्ची उलटी फिरवली, कागदाचं खालचं टोक आपल्याकडे ओढलं आणि शेवटच्या गणितापासून वर सोडवत निघाली. नावाड्याची मुलगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. दोन गणितं झाली, तिसऱ्याला हात घातला, तोच कागदावर खडूने पांढरा झालेला एक हात येऊन पडला.

"हे काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

"खालची दोन झाली मॅडम," तुरतुरी अगदी सरळपणे म्हणाली. "ती वरून येतेय, मी खालून. मधे भेटतो."

वर्ग फुटला. इंजिनने तर टेबलावर डोकं ठेवून हसून घेतलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोघींचे कागद उचलले आणि दोन्हींवर लाल शाईने शून्य काढलं.

"याला कॉपी म्हणतात. चोरी म्हणतात. पुन्हा असं दिसलं, तर दोघींनी सामान बांधायचं."

चोरी! तुरतुरीचं डोकं बधिर झालं. रानातून येताना पदरात चार शेंगा आल्या तरी तिची आई त्या परत वाफ्यात टाकायची. टेबलावरचं पेन उचलतानासुद्धा आपण काही चोरतोय की काय असं तिला वाटलं.

संध्याकाळी नावाड्याची मुलगी खोलीत पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस?"

"घरी. बापाची नाव आहे, वल्हं मारीन."

"पण मी तर तुझ्यासाठीच—"

"तुला बोलावलं होतं कुणी?" तिचा तो पैलतिरी पोचणारा आवाज पहिल्यांदाच खोलीत सुटला. "मला दोन येत होती! माझी स्वतःची दोन! तू आलीस आणि त्यांचंही शून्य झालं."

मॅडमच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण हे खरं होतं. तिने कशीबशी विनवणी केली, निदान सकाळपर्यंत तरी थांब, म्हणून. तिच्या गावाला सकाळशिवाय बस नव्हती, म्हणून ती थांबली.

सकाळी तुरतुरीने वसतिगृहाच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. फोन बापाने उचलला आणि तिला काही बोलूच दिलं नाही. गवंड्याला कधी नव्हे ते सांगण्यासारखं काही मिळालं होतं.

"अगं, पहिल्या दिवशी मी अर्ध्या पातीत, आणि बाया सगळ्या पलीकडच्या बांधाला! म्हटलं, आता मेलो. आता टाळ्या पिटतात. मान वर करायची सोय नाही. तर समोरून खसाखसा आवाज आला. बघतो तर म्होरकी! माझ्या पातीत पुढून उपटत आली आणि म्हणते कशी, गवंडी, उठा, भिंत संपली. डोळ्यांत पाणी आलं गं. घाम म्हणून पुसलं."

तुरतुरी हसली.

"पण शेंगा तोडायला बसलं ना, की तीच म्होरकी ओळख दाखवत नाही," बाप पुढे म्हणाला. "तिथे आपली टोपली आणि आपण. माझी टोपली बघून मापारी विचारतो, ही कुठल्या बाळाची?"

हे तिला लहानपणापासून माहीत होतं. उपटताना पात सगळ्यांची, तोडताना टोपली ज्याची त्याची. टोपलीचं माप होतं, त्यावर मजुरी मिळते, आणि ते माप त्या बाईचं असतं. दुसरीच्या टोपलीत मूठभर शेंगा टाकल्या, तर ती बाई उपकार मानत नाही, भांडायला उठते. मी काय भिकारीण आहे का, म्हणते. टोळीतली कुठलीही बाई जे करणार नाही, ते आपण काल भर वर्गात केलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी दुसरीच्या टोपलीत हात घातला."

बापाने विचारलं, "भरायला की काढायला?"

"भरायला."

"मग पाप नाही, मूर्खपणा आहे," बाप म्हणाला. "जा, माफी माग. आणि ऐक, काल मी आणखी दोन हात पुढे होतो!"

ती खोलीत गेली ती नावाड्याच्या मुलीच्या पिशवीवरच बसली. माफी मागितली. मग पात म्हणजे काय, टोपली म्हणजे काय, हे सगळं तिला सांगितलं. "चाचणी ही टोपली. तिला मी पुन्हा हात लावायची नाही, तू रडलीस तरी. पण धडा ही पात आहे. ती सगळ्यांनी मिळून ओढायची. पुढच्या शनिवारपर्यंत थांब. नाही जमलं तर तुझी पिशवी मी बसपर्यंत डोक्यावरून नेईन."

"तू बसली आहेस त्या पिशवीत माझा आरसा आहे," नावाड्याची मुलगी म्हणाली. म्हणजे ती थांबणार होती.

त्या दिवसापासून वर्ग सुटला की दोघी जेवणाच्या खोलीत बसू लागल्या. एक टेबल होतं त्याची दोन झाली, मग सगळी भिंतीपर्यंत जोडली गेली. सगळ्यांनी एकच धडा एकदम धरायचा. ज्याचा आधी होईल त्याने उठून जायचं नाही, जो मागे असेल त्याच्या समोर जाऊन बसायचं. उत्तर सांगायचं नाही, तो अडला असेल त्या जागेपर्यंत आपण मागे यायचं. सगळे पोचले की पुढचा धडा.

इंजिनला हे पटलं नाही. "माझं झालंय. मी कशाला थांबू?"

"नको थांबूस," तुरतुरी म्हणाली. "पुढे जा. बांधावर एकटाच बसून काय करशील? ढेकळं मोजशील?"

सगळे हसले. तो रागाने उठून गेला, पण त्याला करमेना, म्हणून थोड्या वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने परत आला. नावाड्याच्या मुलीने त्याला एक गणित विचारलं. उत्तर त्याने फटकन दिलं. "असं का?" तिने विचारलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं. उत्तर त्याला येत होतं, पण 'का' येत नव्हतं. त्या दिवशी इंजिन पहिल्यांदा खाली बसलं आणि जेवणाची घंटा होईपर्यंत उठलं नाही.

कुणी म्हणेल, तुरतुरीचं बरं होतं, तिला काय, ती पुढेच. पण तसं नव्हतं. बोलण्याचा एक तास असे. समोर उभं राहून, माईकपुढे, चार वाक्यं बोलायची. तिथे तुरतुरीची पात सगळ्यांच्या मागे होती. घशातून निघे तो पाण्याविना चालणाऱ्या पंपासारखा आवाज. पहिल्यांदा ती दोन शब्द बोलून जागेवर पळाली तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेव्हा जेवणाच्या खोलीत सगळे तिच्याकडे फिरले. नावाड्याच्या मुलीने तिला दाराशी उभं केलं आणि स्वतः पार अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभी राहिली. "मी पलीकडच्या काठावर आहे!" ती ओरडली. "नाव सुटतेय! मला थांबव!"

तुरतुरी पुटपुटली.

"सुटली नाव! बुडालं तुझं गाठोडं!"

"थांब!" तुरतुरी ओरडली. टाकीवरची पाखरं उडाली. स्वयंपाक्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आपल्या छातीत एवढा आवाज आहे याचं तिचं तिलाच नवल वाटलं, आणि मग ती थांबेचना. धड्यातली वाक्यं, रानातली बोलणी, म्होरकीच्या शिव्यासुद्धा तिने त्या टाकीला ऐकवल्या.

एका संध्याकाळी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळे आपसूक उठले.

"हे कॉपी नाही ना?"

"नाही मॅडम," तुरतुरी म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "ही पात आहे. टोपली शनिवारी."

मॅडमना काही कळल्याचं दिसलं नाही. पण त्या परत गेल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली, खडू खिशात ठेवला आणि सगळ्यात मागे राहिलेल्या मुलाच्या समोर जाऊन बसल्या. पुढे त्या रोजच येऊ लागल्या.

आता शनिवारी शिपाईमामा येई, दारातून नजर फिरवी आणि रिकाम्या हातांनी परत जाई. "यंदा काही उचलायलाच नाही," तो स्वयंपाक्याजवळ कुरकुरला. पण पुढच्या शनिवारी डगमगणाऱ्या एका खुर्चीला खिळा ठोकायला तो हातोडी घेऊन आला.

मोठ्या परीक्षेचा दिवस उजाडला. खोलीत पंख्यांची कुरकुर आणि पेनांची खरखर, दुसरं काही नाही. तुरतुरीचा पेपर पुरा झाला. पुन्हा तपासून झाला. मागे नावाड्याची मुलगी होती, आणि तिच्या पेनाचा आवाज थांबला होता.

तो पुन्हा सुरू होईना. तुरतुरीच्या मानेला मुंग्या आल्या. एकदाच वळावं, नुसतं बघावं. जन्मभराची सवय खांदा धरून मागे ओढत होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली. टोपली तिची आहे, टोपली तिची आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली. उपटताना पात सगळ्यांनी इतक्या वेळा ओढली होती, आता तोडायला हात ज्याचा त्याचा. आणि मग मागून हळूच, अडखळत, पेन चालू लागलं. आधी खुरडत, मग सरळ, मग चक्क तुरुतुरु. तुरतुरीने डोळे मिटून घेतले आणि पोटभर श्वास घेतला.

निकाल मॅडमनी स्वतः वाचला. एकेकाला उभं करून, पास, पास, पास. इंजिन पास झालं, ते होणारच होतं. तुरतुरी पास झाली, इंजिनच्या खालोखाल. नावाड्याची मुलगी सर्वांत शेवटी होती, काठावर, पण काठाच्या अलीकडे नव्हे. तिने "झाले!" म्हणून अशी आरोळी ठोकली, की शिपाईमामाच्या हातातली चहाची किटली खाली पडली. मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. पहिल्या शनिवारी गेलेल्यांच्या जागा सोडल्या, तर त्यानंतरची एकही खुर्ची हलली नव्हती.

"असं यापूर्वी झालं नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि खडू खाली ठेवून मनापासून हसल्या.

तुरतुरीने निकाल फोनवर कळवला नाही. तो हाताने नेऊन द्यायचा होता. बस रस्त्यावर सोडून गेली तशी ती घरी न जाता पिशवी घेऊन थेट रानाकडे निघाली. शेवटचं रान चाललं होतं. बाया नुकत्याच पलीकडच्या बांधाला पोचत होत्या आणि एकच पात मागे राहिली होती. त्या पातीत एक रापलेली पाठ वाकलेली होती. महिनाभरात ती पाठ बरीच खाली वाकायला शिकली होती.

म्होरकी वळणार, एवढ्यात तिने बांधावर कोण आलंय ते पाहिलं. तिने हात आडवा करून सगळ्या बायांना थांबवलं. आईने तोंडाला पदर लावला.

तुरतुरीने पिशवी टाकली, चपला काढल्या आणि बापाच्या पातीत पुढून शिरली. जमीन कडक झाली होती. बुडाशी धरून, हिसका न देता, हलवून वेल काढावे लागत होते. हात विसरले नव्हते. बाप खाली मान घालून येत होता. म्होरकीच असणार असं त्याने धरलं होतं. शेवटचा वेल दोघांच्या हातात एकदमच आला.

बापाने मान वर केली.

"पास?" त्याने विचारलं.

"सगळे," तुरतुरी म्हणाली.

गवंडी तिथेच सरीत बसला. या वेळी त्याने घाम म्हणून काही पुसलं नाही, सगळ्यांच्या देखत सरळ रडला. बाया धावत आल्या. म्होरकीने तुरतुरीच्या पाठीत असा धपाटा घातला, की तिच्या अंगावरची माती उडाली. "कॉलेजवाली! बारा रानं फिरून शेवटी माझ्याच बांधावर!" असं म्हणत म्होरकीही नाक ओढू लागली आणि वर, धूळ फार उडतेय, असं सांगू लागली.

ऊन कललं तशा सगळ्या सावलीत शेंगा तोडायला बसल्या. प्रत्येकीची टोपली आपापल्या गुडघ्यापाशी होती. बापाची टोपली आता बाळाची राहिली नव्हती, पण शेजारच्या टोपल्यांहून उणीच होती. तुरतुरी त्याच्याशेजारी बसली. बोलता बोलता तिने चार वेल तोडले आणि मूठभर शेंगा हळूच त्याच्या टोपलीकडे नेल्या.

बापाने टोपलीवर पालथा हात ठेवला.

"अं हं," तो म्हणाला. "ही माझी. तुझी तू भरून आलीस ना?"

तुरतुरीने मूठ मागे घेतली. आईने हसत हसत तिच्यापुढे एक रिकामी टोपली सरकवली.